‘गोरी व्यक्ती’ आणि ‘येथे जन्मलेली व्यक्ती’ : अमेरिकन नागरिकत्वाच्या दोन वाटा

नागरिकत्व मिळण्याच्या दोन वाटा आधुनिक राज्यांनी सामान्यतः मान्य केलेल्या आहेत : एक जन्माची व दुसरी देशीयकरणाची. पहिल्या वाटेने येणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला त्या देशात ठरावीक काळ वास्तव्य करावे लागते, सद्वर्तनाची ग्वाही देणारे साक्षीदार आणावे लागतात आणि जुनी राजनिष्ठा टाकून नव्या राज्याची शपथ घ्यावी लागते. ह्या दोहोंपैकी अधिक न्याय्य कोणती, असा प्रश्न केला असता प्रथमदर्शनी उत्तर दुसरीच्या बाजूने येते. जन्म हा योगायोग होय; त्यात ना व्यक्तीचे कर्तृत्व, ना तिची संमती. देशीयकरणात मात्र येणाऱ्याची इच्छा आणि स्वीकारणाऱ्या समाजाची अनुमती ह्या दोन्ही गोष्टी असतात. आयलेट शाखर ह्या विदुषींनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाची तुलना वडिलोपार्जित मालमत्तेशी केली आहे, आणि तात्त्विक पातळीवर ती तुलना सहजासहजी खोडून काढता येण्यासारखी नाही. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९० पासून १९५२ पर्यंत ह्या दोन वाटा प्रत्यक्षात कशा चालल्या हे पाहू गेल्यास चित्र जवळजवळ उलटे दिसते. जी वाट इच्छेची, गुणवत्तेची व संमतीची म्हणून मानली गेली, तिच्या दाराशी एक विशेषण उभे होते. आणि जी निव्वळ योगायोगाची, तिच्या दाराशी १८६८ नंतर असे कोणतेही विशेषण नव्हते. ह्या एका विशेषणाचा अर्थ लावण्यात अमेरिकन न्यायालयांची पाऊणशे वर्षे खर्ची पडली. त्या अर्थनिर्णयाचा इतिहास हा कायद्याचा इतिहास तर आहेच; पण शब्दकोश, वंशशास्त्र आणि तौलनिक भाषाशास्त्र ह्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर काय होते, ह्याचाही तो इतिहास आहे.

जन्मस्थानावरून नागरिकत्व ठरविण्याच्या नियमाचे मूळ मात्र मुळीच लोकशाहीचे नाही. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट कॅल्व्हिन नावाच्या बालकाला इंग्लंडमध्ये जमीन धारण करता येईल किंवा नाही, असा वाद निघाला. १६०८ मध्ये इंग्लिश न्यायाधीशांनी, त्यांत एडवर्ड कोक प्रमुख, असा निर्णय दिला की राजाच्या राज्यात व त्याच्या संरक्षणाखाली जो जन्मला तो त्याचा प्रजाजन. राजनिष्ठेचे हे बंधन निसर्गदत्त असून ते माणसाला आपल्या मर्जीने तोडता येत नाही. म्हणजे हा नियम सरंजामी विचारातून निघालेला, आणि तो व्यक्तीला हक्क देण्यापेक्षा तिला राजाशी बांधून ठेवण्यासाठी होता. अमेरिकन वसाहतींनी राजा नाकारला, परंतु राजाच्या न्यायाधीशांनी घालून दिलेला हा नियम ठेवून घेतला. एखाद्या नियमाचे कूळ आणि त्याचे फळ ह्यांत केवढे अंतर पडू शकते, ह्याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

शब्दांकडे पाहिले तरी हे जन्माचे नाते सुटत नाही. युरोपीय भाषांत ‘नेशन’, ‘नेटिव्ह’, ‘नेचर’ आणि ‘नॅचरलायझेशन’ हे सारे शब्द ‘जन्मणे’ ह्या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत. देशीयकरण म्हणजे मूळ अर्थाने, जो येथे जन्मला नाही त्याला कायद्याने जणू दिलेला दुसरा जन्म. आपल्या ‘नागरिक’ ह्या शब्दात जन्म कोठेच नाही. त्यात आहे ते नगर. वात्स्यायनाचा ‘नागरक’ हा नगरात राहणारा रसिक गृहस्थ. तो जन्मला कोठे, ह्याची चौकशी वात्स्यायन करीत बसत नाही. ‘जन्मसिद्ध’ हे विशेषण मात्र टिळकांमुळे मराठी कानांना हक्काशी जोडूनच ऐकण्याची सवय झाली आहे.

१७९० च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसने देशीयकरणाचा पहिला कायदा केला. तो अवघा काही ओळींचा आहे. दोन वर्षे वास्तव्य केलेल्या, सद्वर्तनी अशा कोणत्याही ‘स्वतंत्र गोऱ्या’ परकीय व्यक्तीला नागरिक होता येईल, असे त्यात म्हटले होते. त्या काळच्या युरोपीय राज्यांच्या मानाने हा कायदा विलक्षण उदार होता, हे मान्य केले पाहिजे. धर्माची अट नव्हती, मालमत्तेची नव्हती. वास्तव्याची मुदत पुढे १७९५ मध्ये पाच वर्षे, १७९८ मध्ये चौदा वर्षे आणि १८०२ मध्ये पुन्हा पाच वर्षे झाली. तिच्यावर पक्षोपक्षांत कडाक्याचे वाद झाले. ‘गोरी’ ह्या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला पडला नाही. आपल्या मनातील माणूस म्हणजेच माणूस, असे गृहीत धरणाऱ्या विधिकाराला विशेषणाची व्याख्या करण्याची गरज भासत नाही.

जन्माच्या वाटेवरही तोपर्यंत रंगाची छाया होती. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनी ह्यांनी आफ्रिकन वंशाची व्यक्ती, मग ती गुलाम असो वा मुक्त, संयुक्त संस्थानांची नागरिक होऊच शकत नाही, असा निर्णय दिला. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तो पुसून टाकला. संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या अथवा तेथे देशीयकरण झालेल्या आणि त्यांच्या अधिकारक्षेत्राखाली असलेल्या सर्व व्यक्ती नागरिक होत, असे ती म्हणते. हे लिहिणाऱ्यांना आपण काय लिहीत आहोत ह्याची कल्पना नव्हती, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. ३० मे १८६६ रोजी सिनेटमध्ये पेन्सिल्व्हेनियाचे कॉवन ह्यांनी सरळच विचारले की ह्यामुळे कॅलिफोर्नियातील चिनी माणसांची मुले आणि पेन्सिल्व्हेनियातील जिप्सींची मुलेही नागरिक ठरणार काय? कॅलिफोर्नियाचे सिनेटर कॉनेस ह्यांनी उत्तर दिले की होय, ती ठरतील, आणि तसेच व्हावे. कॉनेस हे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले व देशीयकरणाच्या वाटेने आलेले गृहस्थ होते. चिन्यांचा द्वेष ज्या राज्यात सर्वांत तीव्र, त्याच राज्याच्या प्रतिनिधीने हे उत्तर द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांना पुन्हा निवडून येता आले नाही.

देशीयकरणाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १८७० मध्ये, दुरुस्त झाला. ‘गोरी’ हा शब्दच काढून टाकावा, अशी मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स सम्नर ह्यांची सूचना होती. ती टिकली असती तर प्रस्तुत विषयाला इतिहासच उरला नसता. पश्चिम किनाऱ्यावरील सभासदांनी चिन्यांचा बागुलबुवा उभा केला. सूचना फेटाळली गेली, आणि जुना शब्द तसाच ठेवून त्याला ‘आफ्रिकन जन्माच्या व वंशाच्या व्यक्ती’ अशी जोड देण्यात आली. परिणामी एक विचित्र रचना तयार झाली : गोरे आत, काळे आत, आणि ह्या दोन शब्दांच्या मध्ये उरलेली निम्म्याहून अधिक मनुष्यजात बाहेर.

ह्या मधल्या प्रदेशातला पहिला नोंदलेला खटला १८७८ चा, आह युप ह्या चिनी अर्जदाराचा. न्यायाधीश सॉयर ह्यांनी वेबस्टरचा शब्दकोश उघडला, ब्लूमेनबाख प्रभृतींच्या वंशविभागण्या पाहिल्या आणि चिनी माणूस ‘गोरा’ नाही, असे ठरविले. १८८२ च्या चिनी-प्रतिबंधक कायद्याने न्यायालयांना चिन्यांचे देशीयकरण करण्याची स्पष्ट मनाई केली. म्हणजे आता चिनी माणूस अमेरिकेत चाळीस वर्षे राहो, कर भरो, इंग्रजी बोलो, त्याला नागरिक होण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. त्याच्या मुलाचे काय?

सॅन फ्रान्सिस्को शहरात सॅक्रॅमेंटो रस्त्यावर दुकान चालविणाऱ्या एका चिनी दांपत्याच्या पोटी १८७३ मध्ये वाँग किम आर्क ह्यांचा जन्म झाला. आईबाप १८९० मध्ये चीनला परतले. मुलगा तेथे जाऊन पुन्हा आला आणि स्वयंपाक्याचे काम करू लागला. १८९४ मध्ये तो पुन्हा चीनला गेला, तेव्हा आपण येथलेच ह्याचा लेखी पुरावा त्याने जवळ ठेवला होता. त्यावर गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या होत्या. १८९५ च्या ऑगस्टमध्ये परतल्यावर मात्र जकात अधिकाऱ्याने त्याला उतरू दिले नाही. काही महिने त्याला बंदरातील जहाजांवर, एकावरून दुसऱ्यावर असे ठेवण्यात आले. सरकारला हा कसोटीचा खटला व्हावयास हवाच होता. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन अशा मताधिक्याने वाँग किम आर्क हे जन्माने नागरिक आहेत, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती ग्रे ह्यांनी कॅल्व्हिनच्या खटल्यापासून परंपरा मांडून दाखविली आणि अपवाद मोजके ठेवले : परकीय वकिलांची मुले, परकीय सरकारी जहाजांवर जन्मलेली मुले, आक्रमक शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात त्या शत्रूला झालेली मुले, आणि आपापल्या जमातीशी बांधलेले मूळ रहिवासी.

विरोधी मत सरन्यायाधीश फुलर ह्यांचे होते, व त्याला न्यायमूर्ती हार्लन ह्यांनी पाठिंबा दिला. ह्या मताची केवळ वंशद्वेष म्हणून बोळवण करणे बरोबर होणार नाही. प्रजाजनाची अभंग राजनिष्ठा हा सरंजामी सिद्धान्त क्रांतीबरोबरच संपला. प्रजासत्ताकातील नागरिकत्व हे राजकीय नाते आहे, आणि ते तात्पुरते आलेल्या परकीयाच्या मुलाला केवळ जागेमुळे चिकटू नये, असे फुलर ह्यांचे म्हणणे. परकीयाचे येथे जन्मलेले मूल राष्ट्राध्यक्षपदाला पात्र आणि परदेशात जन्मलेले अमेरिकन नागरिकाचे मूल अपात्र, ही विसंगती त्यांनी दाखविली. संमतीवर आधारलेल्या नागरिकत्वाचा हा युक्तिवाद पुढे १९८५ मध्ये पीटर शक व रॉजर्स स्मिथ ह्यांनी अधिक काळजीपूर्वक मांडला, आणि त्यांना फुलर ह्यांच्यासारखे वांशिक हेतू चिकटविता येत नाहीत. पण १८९८ मधील परिस्थितीत ह्या युक्तिवादाला एक मोठे भगदाड होते. वाँग दांपत्याने संमती मागितली असती तरी ती मिळण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. ज्यांना ‘आम्ही तुमचे होऊ इच्छितो’ असे म्हणण्याचीच बंदी, त्यांच्या मुलांना ‘तुमच्या आईबापांनी निष्ठा बदलली नाही’ असे सुनावणे हा न्याय कोणत्या जातीचा?

ह्या नंतरचा भाग भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष बोचणारा आहे. ‘गोरी व्यक्ती’ म्हणजे कोण, हे ठरविण्यासाठी न्यायालयांपुढे दोन कसोट्या होत्या : एक विद्वानांची, दुसरी सामान्य माणसाच्या समजुतीची. जी सोयीची वाटेल ती कसोटी त्या त्या न्यायाधीशाने उचलली. १९०९ मध्ये आर्मेनियन अर्जदार गोरे ठरले. त्याच सुमारास भिकाजी बलसारा ह्या मुंबईच्या पारशी कापूसव्यापाऱ्याचा अर्ज न्यू यॉर्कच्या न्यायालयापुढे आला. पारशाला घेतले तर उद्या अफगाण, अरब व हिंदू हेही येतील, अशी भीती न्यायाधीशाने बोलून दाखविली, तरीही अर्ज मंजूर केला. आणि १९१० मध्ये अपील न्यायालयाने पारशी हे इराणी मूळचे व हिंदूंहून निराळे, म्हणून गोरे, असे म्हटले. १९१५ मध्ये सिरियन माणूस गोरा ठरला. कातडीचा रंग ही कसोटी तर केव्हाच सोडून द्यावी लागली होती, कारण दक्षिण युरोपातील पुष्कळ लोक उत्तर हिंदुस्थानातील पुष्कळ लोकांपेक्षा सावळे असतात. तिची जागा ‘कॉकेशियन’ ह्या शब्दाने घेतली. हा शब्द गॉटिंगेनच्या ब्लूमेनबाख ह्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला, आणि त्याला आधार काय, तर कॉकेशस भागातून आलेली एक कवटी त्यांना अतिशय सुंदर वाटली! नागरिकत्वाचा हक्क अशा पायावर उभा राहणार होता.

१३ नोव्हेंबर १९२२ रोजी ताकाओ ओझावा ह्यांच्या अर्जाचा निकाल लागला. जपानमध्ये जन्मलेले ओझावा बर्कलीच्या हायस्कुलात शिकले, कॅलिफोर्निया विद्यापीठात जवळजवळ तीन वर्षे होते. मुले अमेरिकन शाळांत, कुटुंब अमेरिकन चर्चमध्ये, घरात बोलणे इंग्रजीत. संमतीच्या सिद्धान्ताला ह्याहून आदर्श अर्जदार शोधून सापडला नसता, आणि त्यांच्या पात्रतेबद्दल न्यायालयालाही शंका नव्हती. परंतु ‘गोरी व्यक्ती’ म्हणजे कॉकेशियन वंशाची व्यक्ती, जपानी माणूस त्या वंशाचा नाही, सबब अर्ज नामंजूर. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड हे इंग्लंडमधील बकिंगहॅमशरमध्ये जन्मलेले, बालपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले होते.

तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड ह्यांचा खटला त्याच न्यायमूर्तींपुढे आला. पंजाबातील थिंड १९१३ मध्ये अमेरिकेत गेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल झाले, आणि त्यांना सन्मानपूर्वक निरोप मिळाला. १९१८ मध्ये गणवेषात असतानाच त्यांना नागरिकत्व मिळाले व चारच दिवसांत ते रद्द झाले. १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले आणि सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली. थिंड शीख होते. तरी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘उच्चवर्णीय हिंदू’ असा येतो, कारण त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून येणारा प्रत्येकजण ‘हिंदू’च म्हणविला जाई. त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद सरळ होता. न्यायालयाने नुकतेच सांगितले आहे की गोरा म्हणजे कॉकेशियन. वंशशास्त्राचे ग्रंथ उत्तर हिंदुस्थानातील आर्यांना कॉकेशियन म्हणतात. म्हणून थिंड गोरे.

येथे ‘आर्य’ हा शब्द रणांगणात उतरला. विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या सामाईक मूळ भाषेची कल्पना मांडली, तेव्हापासून एकोणिसाव्या शतकात भाषाकुलाचे नाव हळूहळू माणसांच्या कुलाला लागत गेले. मॅक्स म्यूलर ह्यांचाही त्यात आरंभी हातभार होता. पण १८८८ मध्ये त्यांनीच बजावले होते की आर्य ही संज्ञा भाषेची आहे, रक्ताची किंवा कवटीची नव्हे. १९ फेब्रुवारी १९२३ च्या निकालात सदरलँड ह्यांनी नेमकी हीच गोष्ट सांगितली : आर्य ही संज्ञा भाषिक आहे, शारीरिक नाही, आणि समान भाषेवरून समान वंश सिद्ध होत नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे विधान निर्दोष आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या शास्त्रातील एक तत्त्व इतके अचूक मांडावे आणि ते एका माणसाचे नागरिकत्व काढून घेण्यासाठी वापरावे, हा योग मात्र विलक्षण होय. कारण वंशाची भाषिक कसोटी मोडून काढल्यावर न्यायालय वंशाची कल्पनाच सोडून देईल, अशी अपेक्षा वाचकाने ठेवू नये. ‘कॉकेशियन’ हा शास्त्रीय शब्द आता दूर सारण्यात आला. १७९० च्या कायदेकर्त्यांनी सामान्य बोलीतील शब्द वापरला होता, म्हणून त्याचा अर्थ सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे घ्यावयाचा, आणि सामान्य माणूस हिंदूला गोरा म्हणत नाही, असे ठरले. ओझावांना विद्वानांच्या कसोटीने बाहेर ठेवले. थिंड त्या कसोटीस उतरू लागताच कसोटी बदलली.

थिंड ह्यांच्या बाजूने जे मांडले गेले तेही आज वाचताना सुखद वाटत नाही. अमेरिकन गोरा माणूस निग्रोकडे ज्या दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदू हा हिंदुस्थानातील आदिवासी मंगोलवंशीयाकडे पाहतो, आणि जातीच्या निर्बंधांमुळे त्याचे रक्त शुद्ध राहिले आहे, असे त्या युक्तिवादात होते. दार एका विशेषणाने अडविले असता दारापाशी उभा असलेला माणूस ‘हे विशेषणच अन्याय्य आहे’ असे म्हणू शकत नाही; कायदा करणे न्यायालयाच्या हाती नाही. त्याला एवढेच म्हणता येते की ‘ते मलाही लागू आहे’, आणि तसे म्हणण्यासाठी आपल्या मागच्या माणसाकडे बोट दाखवावे लागते. जन्माच्या वाटेवरील वाँग किम आर्क ह्यांना हे करावे लागले नाही. चिनी माणूस कोणापेक्षा श्रेष्ठ आहे, हे त्यांना सिद्ध करावयाचे नव्हते. फक्त सॅन फ्रान्सिस्को कोठे आहे एवढेच दाखवावयाचे होते.

थिंड निकालानंतर सरकारने ज्या हिंदी लोकांना पूर्वी नागरिकत्व मिळाले होते, ते काढून घेण्याचे खटले लावले. वैष्णोदास बगई १९१५ मध्ये पत्नी व तीन मुलांसह अमेरिकेत आले होते, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुकान चालवीत होते आणि १९२१ मध्ये नागरिक झाले होते. नागरिकत्व गेल्यावर मालमत्ता गेली. स्वदेशी जाऊन येण्यासाठी ज्या ब्रिटिश पासपोर्टचा त्यांनी त्याग केला होता तोच पुन्हा घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित हे लॉस एंजेलिसचे वकील. १९१४ मध्ये ते नागरिक झाले, तेव्हा ते ‘गोरे’ आहेत किंवा नाहीत हा प्रश्न न्यायालयापुढे रीतसर निघून निकालात निघाला होता व सरकारने अपील केले नव्हते. एकदा अंतिम झालेला निर्णय पुन्हा उकरता येणार नाही, आणि ह्या निर्णयावर विसंबून आपण व्यवसाय, घर व विवाह ही सारी उभी केली आहेत, असा मुद्दा त्यांनी मांडला. नागरिकत्व गेले असते तर वकिलीची सनद गेली असती. आणि १९२२ च्या कायद्यान्वये देशीयकरणास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणारी स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असल्याने, अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या पत्नीचेही गेले असते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडित ह्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. ह्या पराभवानंतर उरलेले खटले सरकारने सोडून दिले. थिंड ह्यांचे नाव प्रत्येक इतिहासात येते. पंडितांचे त्यामानाने क्वचित. वस्तुतः वंशाच्या प्रश्नाला हातही न लावता, केवळ निकालाच्या अंतिमतेच्या बळावर मिळविलेला हा विजय अधिक कसबाचा होता.

‘देशीयकरणास अपात्र परकीय’ हा शब्दप्रयोग आता स्वतंत्रपणे कामाला लागला होता. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये अशा परकीयांना शेतजमीन घेण्यास बंदी केली व १९२० मध्ये ती आवळली. १९२४ च्या संघीय कायद्याने त्यांचा देशात प्रवेशच बंद केला. कोठेही जपानी, हिंदी असे नाव घ्यावयास नको. एक विशेषण दुसऱ्या कायद्यातून उसने घेतले की काम होते. आणि येथेच जन्माच्या नियमाचे मोल कळून येते. रिव्हरसाइड येथील जुकिची हाराडा ह्यांनी १९१५ मध्ये आपल्या तीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे घर घेतले. शेजाऱ्यांनी हरकत घेतली, राज्याने खटला भरला, आणि १९१८ मध्ये न्यायालयाने ही मुले जन्माने नागरिक आहेत, घर त्यांचे आहे, असे सांगितले. बापाला जी जमीन घेता येत नाही ती त्याच्या अज्ञान मुलांच्या मालकीची असू शकते! इम्पीरिअल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. त्या संसारांतील मुलेही जन्मतः नागरिक होती, आणि काही ठिकाणी जमिनीचे कागद त्यांच्याच नावावर झाले. योगायोगाने मिळालेले हे नागरिकत्व त्या घराचा एकमेव कायदेशीर खांब होता.

ह्यावरून जन्माची वाट निष्कलंक होती असे ठरत नाही. १८८४ मध्ये जॉन एल्क ह्यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, कारण ते मूळ अमेरिकन जमातीत जन्मले होते. त्या भूमीत ज्यांचे पूर्वज सर्वांआधी जन्मले त्यांच्यासाठीच तेथील जन्म अपुरा ठरला, आणि सर्व मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळावयास १९२४ साल उजाडावे लागले. १९०७ च्या कायद्याने परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री तिचे जन्माने मिळालेले नागरिकत्व गमावून बसे, व १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने नागरिक होते, आणि त्या नागरिकत्वाने त्यांच्याभोवतीचे काटेरी कुंपण हटले नाही. ह्याच सुमारास कॅलिफोर्नियातच जन्मलेल्यांना सभासद करून घेणाऱ्या ‘नेटिव्ह सन्स ऑफ द गोल्डन वेस्ट’ ह्या संस्थेच्या पाठिंब्याने जपानी वंशाच्या मतदारांची नावे यादीतून काढावीत म्हणून खटला गुदरण्यात आला. जन्मभूमीचा अभिमान हेच ज्या संस्थेचे भांडवल, तिने जन्माचा नियम मोडावयास निघावे, हे तर्काला धरून नसले तरी मनुष्यस्वभावाला धरून आहे. खटला फेटाळला गेला, तो १८९८ च्या निकालामुळे.

विशेषण शेवटी गेले ते तत्त्वापेक्षा युद्धाच्या निकडीमुळे. १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातील अपात्र सैनिकांना सवलत मिळाली व तिच्या आधारे १९३६ मध्ये थिंड तिसऱ्यांदा, आणि ह्या वेळी कायमचे, नागरिक झाले. चीन दोस्त राष्ट्र झाल्यामुळे १९४३ मध्ये चिन्यांना, आणि हिंदुस्थानचे स्वातंत्र्य दृष्टिपथात आल्यावर जुलै १९४६ मध्ये हिंदी व फिलिपिनो लोकांना देशीयकरणाचा हक्क मिळाला; हिंदुस्थानातून येणाऱ्यांचा वार्षिक कोटा होता शंभर. १९५२ च्या कायद्याने वंशाची अट सर्वस्वी रद्द केली. १६२ वर्षे हे विशेषण टिकले. १९२० मध्ये शिकण्यासाठी अमेरिकेत गेलेले आणि दुसऱ्याच्या नावावर जमीन घेऊन शेती करावी लागलेले दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले. काँग्रेसच्या सभासदत्वासाठी सात वर्षांचे नागरिकत्व लागते, आणि १९५६ मध्ये ते निवडून आले.

भारताच्या घटनासमितीत २९ एप्रिल १९४७ रोजी नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा जन्माचा नियम फार सैल आहे, कोणीही वाटसरू स्त्री येथे प्रसूत झाली तर काय, अशा शंका निघाल्या. वल्लभभाई पटेल ह्यांनी उत्तर देताना राष्ट्रीयत्वाच्या व्यापक व संकुचित अशा दोन कल्पनांचा उल्लेख केला, आणि दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या हिंदी लोकांसाठी आपण तेथील नागरिकत्व मागत असताना स्वतः संकुचित भूमिका घेणे शोभणार नाही, असे सांगितले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जन्माचा व्यापक नियम आला. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एकजण तरी नागरिक असण्याची, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसऱ्याने बेकायदा स्थलांतरित नसण्याची अट त्याला जोडली गेली.

अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांबरोबरच तात्पुरत्या परवान्यावर कायदेशीरपणे राहणाऱ्या आईबापांची मुलेही जन्मसिद्ध नागरिकत्वातून वगळण्याचा प्रयत्न केला. तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर तेथे गेलेल्यांत महाराष्ट्रातील कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. प्रत्येक देशाला ठरवून दिलेल्या मर्यादेमुळे भारतात जन्मलेल्या अर्जदारांना कायम वास्तव्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे, पुष्कळदा दशके, खोळंबावे लागते, आणि कायद्याच्या भाषेत तोवर ती ‘तात्पुरती’च राहतात. वंशाचे विशेषण कायद्यात नाही. ही मर्यादाही अर्जदाराच्या जन्मस्थानावरूनच मोजली जाते. काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती देणाऱ्या न्यायालयांनी वाँग किम आर्क ह्यांच्या खटल्याचा आधार घेतला. आदेशाच्या समर्थकांनी त्याच अहवालातील फुलर ह्यांची पाने उलगडली.